लोड

मिरजेहून पंधरा दिवसांनी अण्णांना घरी आणलं
तेव्हा त्यांच्याजवळ एकच शब्द शिल्लक होता.
बाकीचे कुठं गेले ते डॉक्टरांनी फिल्मवर दाखवलं,
डाव्या बाजूला, सुपारीएवढी काळी जागा.
एवढ्याशा जागेत माझं नाव होतं,
तीसपर्यंतचे पाढे होते,
विट्यातल्या सगळ्या गल्ल्या,
आणि आईचं नाव, जे त्यांनी कधी घेतलंच नाही.

उरला तो लोड.

एकतीस वर्षं सबस्टेशनात
दर तासाला उठून त्यांनी मीटर वाचला,
लॉगबुकात लिहिलं: फीडर, वेळ, लोड.
सकाळी माग खडखडायला लागले की काटा चढायचा,
मागांना सुट्टी असली की पडून राहायचा,
रात्री विहिरीवरच्या मोटारी चालू झाल्या की पुन्हा वर.
गाव काय करतंय हे त्यांना बसल्या जागी कळायचं.
आम्ही काय करतोय ते विचारावं लागायचं.
विचारायचे नाहीत.

घरी आले त्या दिवशी म्हणाले, लोड.
आईनं चहा दिला. ढकलला.
लोड. खिडकी उघडली.
लोड, लोड. पंखा, पाणी, भांडं, बाम.
शेवटी तिनं माळ्यावरनं लोड काढला,
माझ्या साखरपुड्याच्या बैठकीतला, खोळ उसवलेला,
आणि पाठीशी दिला.
टेकले. डोळे मिटले.
म्हणजे त्या दिवशी ते मराठीत मागत होते.

मी कराड रोडला वजनकाट्यावर बसते.
हाच शब्द दिवसभर माझ्याही तोंडात:
आधी लोड, मग एम्प्टी,
वजाबाकी मशीन छापून देतं.
दस्तगीर सुताच्या गाठी उतरवून
रिकामी गाडी काट्यावर घेतो, खिडकीतनं वाकून म्हणतो,
‘लोड घिऊ नका ताई,
आमचा चाचा बी सा म्हैन्यानं बोलला.’
काय बोलला, विचारलं.
‘शिव्या दिल्या,’ म्हणाला, आणि सुट्टे मोजून ठेवले.

ट्रॅक्टरला लोड. गच्चीच्या स्लॅबवर लोड.
वायरमन म्हणतो, ताई, गिझर लावू नका, लोड घेणार नाही.
माझा पोरगा फोनमधल्या फिरत्या गोलाकडं बघत म्हणतो,
अजून लोड होतंय,
तर अण्णा मान वळवून त्याच्याकडं बघतात,
परमुलखात कुणी गाववाला भेटावा तसे.

कुंभोजकर मॅडम चित्रांची पानं घेऊन येतात.
केळं. लोड. किल्ली. लोड. गाय.
गायीला थांबले, हसले, आणि म्हणाले, लोड.
मॅडम आईला म्हणाल्या, शब्द नका ऐकू, सूर ऐका.
आता आई ऐकते.
तुटका आला तर जेवायचं नाही.
घसरत आला तर चादर बदलायची,
तेव्हा ते भिंतीकडं बघतात.
जुना कुणी ड्युटीवरचा भेटायला आला की खणखणीत,
फोनवर दुसऱ्या सबस्टेशनला सांगावा तसा.
आणि एक फार हळू, संध्याकाळी, दिवा लावायच्या वेळचा.
त्याला ती आतून म्हणते, आले.
तिला बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा नाव मिळालंय.

रविवारी त्यांना काट्यावर नेलं,
घरी कुणी नव्हतं म्हणून.
खुर्ची माझ्या टेबलाशेजारी.
समोर लाल आकडे, गाडी चढली की पळणारे,
थरथरून एका जागी थांबणारे.
अण्णा पुढं सरकले. चष्मा नीट केला, डाव्या हातानं.
दहा वाजता माझ्या हातातनं पेन काढून घेतलं
आणि वहीच्या कडेला काहीतरी ओढलं.
आकडा असेल. सात असेल.

मग उसाच्या तीन गाड्या आल्या, एक भंगारची,
भंगारवाल्याशी पावतीवरनं वाद झाला,
मी विसरून गेले.

अकरा वाजता म्हणाले, लोड.
मी पाणी दिलं नाही, खिडकी उघडली नाही.
पेन दिलं.